वाफेच्या मुलखातून रेल्वेने

जपानला जाणाऱ्या मराठी पर्यटकांचा मार्ग बहुधा ठरलेला असतो : टोकियो, फुजी पर्वत, क्योटोची मंदिरे, हिरोशिमाचे स्मारक आणि ओसाकाहून परत. नैऋत्येकडचे क्यूशू हे मोठे बेट त्या मार्गावर सहसा येत नाही, आणि आले तरी नागासाकीपुरतेच येते. माझी थोरली बहीण आणि मी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात केवळ क्यूशूसाठी जपानला गेलो. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या ताईला ज्वालामुखींच्या उतारांवरची गवताळ माळराने पाहायची होती, मला त्या बेटावरच्या रेल्वेगाड्यांतून हिंडायचे होते, आणि गरम पाण्याचे झरे, ज्यांना जपानीत ओन्सेन म्हणतात, ते दोघींनाही हवे होते. प्रवास पुढे सरकला तसे या तिन्ही गोष्टींचे मूळ एकच असल्याचे दिसू लागले. जमिनीखालची जी उष्णता इथले पाणी तापवते, तिनेच हे डोंगर उभे केले आहेत. आणि या डोंगरांतून वाट काढताना रेल्वेला जे वळसे घ्यावे लागले, तेच आज तिकीट काढून पाहण्याजोगे ठरले आहेत.

रेल्वेचा थोडा पूर्वेतिहास सांगायला हवा. जपानची राष्ट्रीय रेल्वे 1 एप्रिल 1987 रोजी विभागली गेली आणि क्यूशूतील मार्ग एका स्वतंत्र कंपनीकडे आले. टोकियो-ओसाकासारखे भरगच्च उत्पन्नाचे मार्ग तिच्या वाट्याला आले नाहीत. आल्या त्या बऱ्याचशा डोंगरातून जाणाऱ्या, रोजच्या प्रवाशांनी कधीही न भरणाऱ्या एकेरी वाटा. मग प्रवाशाला गाडीत बसण्याचीच ओढ लागावी, अशा गाड्या काढण्याचे धोरण कंपनीने धरले. ओकायामाचे रचनाकार एजी मितोओका यांनी तिच्या अनेक गाड्यांना रूप दिले आणि लाकूड, कापड, बांबूचे पडदे अशा वस्तू रेल्वेच्या डब्यात आणल्या. जुन्या डिझेल डब्यांचे रूप पालटून त्यांना एखाद्या स्थानिक कथेशी जोडायचे, ही या धोरणाची रीत आहे. कथा कधी कधी ओढूनताणून आणलेली वाटते, परंतु डबे मात्र खरोखर देखणे आहेत.

पहिला दिवस : हाकाता ते युफुइन

हाकाता हे फुकुओका शहराचे मुख्य स्थानक. तिथून सुटणारी 'युफुइन नो मोरी' ही गाडी 1989 पासून धावते आहे. तिचा रंग गडद हिरवा, आतली फरशी लाकडी, आणि आसने नेहमीच्या गाडीपेक्षा उंचावर असल्यामुळे डब्यात शिरल्यावर पायऱ्या चढून जावे लागते. सर्व जागा आरक्षित असतात. सुट्टीच्या दिवसांत त्या लवकर भरतात, म्हणून आम्ही मुक्कामांच्या आधी गाडीची तिकिटे पक्की केली होती.

कुरुमेपर्यंतचा मुख्य मार्ग सपाट आणि शहरी आहे. तिथे गाडी एकेरी मार्गावर वळते, चिकुगो नदीचे खोरे सुरू होते आणि उकिहाच्या परिसरात काकीच्या, म्हणजे जपानी तेंदूफळांच्या बागा लागतात. पाने गळून गेलेल्या झाडांवर नारिंगी फळे तेवढी राहिली होती. पुढे हिताच्या आसपास सुगी या देवदारसदृश वृक्षाची दाट लागवड दोन्ही बाजूंना उभी राहते. सहप्रवासी त्या हिरवाईची छायाचित्रे काढत होते, ताईने मात्र, "हे जंगल नाही, हे लाकडाचे शेत आहे. एका वयाची, एका जातीची झाडे रांगेत लावली आहेत, पाहा," असे सांगून माझा उत्साह थोडा कमी केला. हिता हे इमारती लाकडाचे जुने केंद्र असल्यामुळे तिचे म्हणणे खरेच होते.

हिताजवळचा कागेत्सु नदीवरचा रेल्वेपूल 2017 च्या जुलैतील अतिवृष्टीत वाहून गेला आणि हा मार्ग पूर्ववत होण्यास वर्ष लागले. 2020 च्या जुलैत पुन्हा पूर आला, दुसरा एक पूल गेला आणि पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत काम चालले. खिडकीतून दिसणारी नदी नोव्हेंबरात गुडघाभर पाण्याची आणि अगदी सालस दिसते, त्यामुळे हे माहीत नसेल तर काँक्रीटचे नवे खांब कशासाठी आहेत ते कळतही नाही.

आमागासे सोडल्यावर जिओनचा धबधबा येतो. त्याच्या समोर गाडी मुद्दाम सावकाश चालवली जाते, सेविका आधी सूचना देते आणि डब्यातील सगळे लोक एका बाजूला सरकतात. नंतर डावीकडे बुंगो-मोरी येथील पंख्याच्या आकाराची इंजिनशाळा दिसते. 1934 साली बांधलेल्या या इमारतीच्या भिंतींवर 1945 मधील अमेरिकी विमानांच्या गोळ्यांच्या खुणा अजून आहेत. काचा फुटलेली ती अर्धवर्तुळाकार वास्तू आणि तिच्यासमोरचे एकटे वाफेचे इंजिन हे मला या टप्प्यातील सर्वांत लक्षणीय दृश्य वाटले, धबधबा त्यानंतर. जवळचा किरिकाबु डोंगर माथ्यावर अगदी सपाट आहे. एके काळी आकाशाला भिडलेले कापराचे झाड इथे होते, ते तोडल्यावर उरलेला हा बुंधा, अशी त्याची कथा सांगतात.

युफुइन स्थानकाची काळी लाकडी इमारत ओइता शहरात जन्मलेले ख्यातनाम वास्तुविशारद अराता इसोझाकी यांनी 1990 साली उभारली. तिथे तिकीट तपासणारी फाटके नाहीत, प्रतीक्षालयात चित्रांची प्रदर्शने भरतात, आणि फलाटाच्या टोकाला गरम पाण्यात पाय बुडवून बसण्याची सोय आहे. बाहेर पडताच सरळ रस्त्याच्या शेवटी 1,583 मीटर उंचीचा, दोन शिखरांचा युफु पर्वत समोर येतो.

त्या सरळ रस्त्याविषयी मात्र फार चांगले लिहिता येत नाही. मधाचे आइस्क्रीम, मांजरांची चित्रे असलेल्या वस्तू आणि प्रत्येक दुकानासमोरची रांग यांतून वाट काढत पुढे जावे लागते. दोन गल्ल्या सोडून आत शिरले की भाताची कापलेली खाचरे, पाण्याचे पाट आणि घरांमागून निघणारी वाफ दिसते, आणि हे गाव इतके नावाजलेले का, याचा उलगडा होतो. 1950 च्या दशकाच्या आरंभी हे सबंध खोरे धरणाखाली बुडवण्याची योजना होती, ती गावकऱ्यांच्या विरोधामुळे मागे पडली. वनशास्त्रज्ञ होंदा सेइरोकू यांनी 1924 मध्येच इथे येऊन जर्मनीतील आरोग्यस्नानाच्या गावांसारखा, झाडीने वेढलेला गाव घडवा, असे सुचवले होते. 1971 साली इथल्या रयोकानांच्या, म्हणजे पारंपरिक निवासांच्या, तीन तरुण मालकांनी जर्मनीत जाऊन तशी गावे प्रत्यक्ष पाहिली आणि परतल्यावर मोठ्या हॉटेलांना विरोध करणाऱ्यांची फळी बांधली. उंच इमारत नसलेले आजचे युफुइन त्यातून टिकले आहे.

आमचे रयोकान नदीकाठी होते. तिथल्या स्नानाविषयी भारतीय स्त्रियांच्या मनात जो संकोच असतो तो आमच्याही मनात होता, कारण सामायिक कुंडात अंगावर काहीही न घालता उतरावे लागते. स्त्रियांचा आणि पुरुषांचा भाग वेगळा असतो. आत गेल्यावर आधी लहान चौरंगावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचे, केस वर बांधायचे, हातातला छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही, आणि मग संथपणे कुंडात उतरायचे. कुंड हे अंग धुण्यासाठी नसून स्वच्छ अंगाने शेकण्यासाठी आहे, ही गोष्ट पटली की उरलेले नियम आपोआप समजतात. कोणी कोणाकडे पाहत नाही. उघड्यावरच्या कुंडात खांद्यापर्यंत तापलेले पाणी आणि चेहऱ्यावर नोव्हेंबरची थंड हवा अशा स्थितीत ताईचा संकोच पाचेक मिनिटांत विरला, माझा त्याहून थोडा उशिरा.

जेवणाचा प्रश्न त्यामानाने कठीण निघाला. ताई शाकाहारी आहे आणि तसे आम्ही आधी कळवले होते. परंतु भाज्या, सार, कोहळ्याचे तुकडे, सगळे काही सुकवलेल्या माशाच्या अर्कात शिजवलेले असते आणि तो अर्क मांसाहारात मोजला जात नाही. शेवटी भात, लोणचे, टोफू आणि मीठ घालून भाजलेली मशरूम यांवर तिचे जेवण झाले. शाकाहारी वाचकांनी माशाचा अर्कही चालत नाही असे स्पष्ट शब्दांत, जपानीत लिहून घेऊन कळवावे.

दुसरा दिवस : किनरिन तळे आणि बेप्पूकडे

किनरिन तळ्यात थंड झऱ्यांबरोबर गरम पाण्याचेही झरे येतात, त्यामुळे थंडीच्या सकाळी पाण्यावर धुके उभे राहते. 1884 मध्ये मोरी कुसो या कन्फ्यूशियन पंडिताने मावळत्या उन्हात चमकलेले माशांचे खवले पाहून त्याला सोनेरी खवल्यांचे तळे असे नाव दिले. सकाळी सातनंतर तिथे इतकी गर्दी होते की धुक्यापेक्षा उंचावलेले भ्रमणध्वनीच अधिक दिसतात. आम्ही अर्ध्या तासात परतलो.

युफुइनहून बेप्पूला डोंगर ओलांडून जाणारी बस सोयीची आहे, परंतु आम्ही ओइतामार्गे रेल्वेने गेलो. ओइतानंतर रूळ बेप्पूच्या उपसागराला खेटून जातात. शहर जवळ आले की समुद्रापासून डोंगरापर्यंत चढत गेलेल्या घरांच्या मधून पांढऱ्या वाफेचे लोट दिसू लागतात, आणि पाहणाऱ्याला प्रथम तिथे बरेच कारखाने असावेत असे वाटते.

बेप्पू स्थानकासमोर दोन्ही हात उंचावून उडी मारण्याच्या पवित्र्यात असलेल्या एका गृहस्थांचा पुतळा आहे. हे आबुराया कुमाहाची (1863-1935). 'पर्वत फुजी, समुद्र सेतोउची, स्नान बेप्पू' हे घोषवाक्य त्यांनी देशभर पोहोचवले आणि 1928 मध्ये स्त्री मार्गदर्शक असलेल्या पर्यटक बसगाड्या सुरू केल्या. जाहिरात म्हणजे काय ते या गृहस्थांना विसाव्या शतकाच्या आरंभीच कळले होते.

सायंकाळी ताकेगावारा स्नानगृहात गेलो. 1879 मध्ये सुरू झालेल्या या स्नानगृहाची सध्याची लाकडी इमारत 1938 ची असून तिची कमानदार छताची दर्शनी बाजू मंदिरासारखी भव्य आहे. आत मात्र कसलाही थाट नाही. कपडे ठेवायची फळी आणि काही पायऱ्या उतरून खाली असलेले कुंड एकाच उंच दालनात आहेत. पाणी युफुइनपेक्षा पुष्कळ कडक होते. दोन वृद्ध स्त्रिया घरून आणलेल्या बादल्या घेऊन आल्या, आम्हाला पाहून त्यांनी मान लववली, आणि मी नुसते पाय बुडवून बसले आहे हे पाहून एकीने तांब्यासारख्या लाकडी भांड्याने आधी खांद्यावर पाणी घ्यायची खूण केली. तसे चार-पाच वेळा केल्यावर उतरता आले. या शहरात अशी सार्वजनिक स्नानगृहे मोहल्ल्या-मोहल्ल्यांत आहेत, आणि दोन हजारांहून अधिक ठिकाणी जमिनीतून गरम पाणी निघते.

तिसरा दिवस : कान्नावा आणि म्योबान

बेप्पूचे प्रसिद्ध 'नरक', म्हणजे उकळत्या पाण्याची आणि चिखलाची कुंडे, हे स्नानासाठी नसून पाहण्यासाठी आहेत. उमी जिगोकु हे निळेशार, सुमारे 98 अंश सेल्सिअस तापमानाचे कुंड आहे. चिनोइके जिगोकु हे लोहमिश्रित चिखलामुळे गडद तांबडे असून त्याचा उल्लेख आठव्या शतकातील प्रादेशिक वृत्तांतातही आढळतो. तात्सुमाकी येथे अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने पाण्याचा फवारा उसळतो. बाकीच्या काही ठिकाणी पिंजऱ्यातल्या मगरी आणि तत्सम करमणूक आहे, ती आम्ही टाळली. हातात एकच तास असेल तर पहिली दोन पाहावीत.

कान्नावा भागात मात्र सबंध दिवस गेला तरी हरकत नाही. इथल्या गटारांच्या जाळ्यांतूनही वाफ निघते. जमिनीतली वाफ दगडी चुलाणांत खेळवून तिच्यावर अन्न शिजवण्याची जुनी पद्धत इथे आहे, आणि सार्वजनिक पाकगृहात चुलाण भाड्याने घेता येते. आम्ही रताळी, मका, कोबी, कोहळा आणि अंडी घेतली, जाड हातमोजे घातले आणि परड्या वाफेत सोडल्या. वाफेत किंचित खारटपणा असतो, त्यामुळे मीठ लागत नाही. माशाच्या अर्काची भीती नसलेले हे जेवण ताईने फार समाधानाने जेवले.

त्याहून मोठा आनंद तिला वाफस्नानाच्या खोलीत झाला. तेराव्या शतकातील इप्पेन या भिक्षूने ते सुरू केले असे मानतात. जेमतेम उंचीच्या दारातून रांगत आत शिरायचे आणि जमिनीवर पसरलेल्या सेकिशो नावाच्या सुगंधी पात्यांवर आठ-दहा मिनिटे पडून राहायचे. आत अंधार होता, श्वास जड होत होता, आणि ताई माझ्या शेजारून म्हणाली, "अगं, हे वेखंडाच्या कुळातले आहे." वास अगदी तोच होता. आमच्या घरी बाळंतिणीच्या खोलीत बाळाला न्हाऊ घातल्यावर वेखंड उगाळले जायचे, त्या वासाने ती खोली ओळखीची वाटू लागली. बाहेर आल्यावर तिने पात्यांचा एक तुकडा उन्हात धरून नीट पाहिला : आपले वेखंड आणि हे सेकिशो एकाच प्रजातीसमूहातील दोन जाती आहेत.

दुपारी बसने म्योबानला गेलो. तिथे गवताने शाकारलेल्या झोपड्यांत जमिनीवर निळसर चिकणमाती पसरलेली असते, खालून येणारे गंधकयुक्त वायू तिच्यातून वर येतात, आणि मातीवर तुरटीवर्गीय क्षारांचे स्फटिक हळूहळू उगवतात. कित्येक आठवड्यांनी ते खरवडून घेतात व घरच्या स्नानासाठी विकतात. ही एदो काळापासूनची पद्धत आहे. तिथले पाणी दुधाळ आणि आम्लधर्मी असून चांदीचे दागिने त्यात काळे पडतात, म्हणून पैंजण आधीच काढून ठेवावे.

चौथा दिवस : बेप्पू ते आसो

बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेला जाणारा होही मार्ग आसो ज्वालामुखीच्या आतून जातो. हे वाक्य शब्दशः घ्यावे. गाडी ओइताहून चढत चढत 754 मीटर उंचीवरील नामिनो स्थानकापर्यंत येते, बोगद्यात शिरते आणि बाहेर पडते ती एका प्रचंड कढईच्या कडेच्या आतल्या बाजूला. सुमारे 90,000 वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकानंतर जमीन खचून तयार झालेली ही कढई दक्षिणोत्तर 25 आणि पूर्वपश्चिम 18 किलोमीटर आहे. तिच्या तळाशी गावे, शाळा, भातशेती आणि रेल्वे आहे. मध्यभागी पाच शिखरे आहेत, त्यांपैकी नाकादाके अजून जागृत आहे.

वायूच्या प्रमाणानुसार विवराचा काठ उघडा किंवा बंद असतो. आम्ही बसने वर पोहोचलो तेव्हा तो बंद होता, म्हणून उरलेला वेळ खालच्या कुसासेन्री माळावर गेला, आणि ताईच्या दृष्टीने तेच उत्तम झाले. नोव्हेंबरात इथले गवत तांबूस होते आणि सुसुकी या उंच गवताचे रुपेरी तुरे वाऱ्यावर झुलतात. इतका पाऊस पडणाऱ्या प्रदेशात गवताळ माळ आपोआप टिकत नाही, काही दशकांत तिथे जंगल माजते. आसोचे शेतकरी दर वर्षी हिवाळ्याच्या अखेरीस हे डोंगर पेटवतात, गाई चारतात, गवत कापतात, आणि हे शेकडो वर्षे चालत आले आहे म्हणून माळ उरला आहे. ताई तिथे दोन तास गुडघ्यांवर बसून होती. मी एका बाकावर शेंगदाणे खात नाकादाकेचा धूर पाहिला.

मुक्काम कढईच्या आतच, उचिनोमाकी या गावी होता. 16 एप्रिल 2016 रोजी झालेल्या 7.3 तीव्रतेच्या भूकंपात इथली जमीन आडवी सरकली, झऱ्यांच्या खोल नळ्या तुटल्या आणि काही निवासांचे गरम पाणी एका रात्रीत थांबले. पुन्हा खोदकाम करून ते मिळवावे लागले. ज्या कुंडात आम्ही बसलो होतो, त्याच्या भिंतीवरील जपानी फलकाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर भाषांतरित केले तेव्हा तिथेही तीच हकिकत लिहिलेली आढळली.

पाचवा दिवस : तातेनोची उलटी चढण

या प्रवासातील ज्या टप्प्याची मी सर्वाधिक वाट पाहत होते तो आसो ते तातेनो हा होता. कढईची कड एकाच ठिकाणी, पश्चिमेला फुटलेली आहे आणि त्या खिंडीतूनच नदी, रस्ता व रेल्वे बाहेर पडतात. उतार तीसास एक इतका तीव्र असल्यामुळे गाडी सरळ उतरू शकत नाही. ती एका टोकापर्यंत जाऊन थांबते, चालक आपली पेटी घेऊन डब्यांतून चालत दुसऱ्या टोकाला जातो, आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा उतार उतरते. तातेनो स्थानकात तिची दिशा पुन्हा बदलते. पुणे-मुंबई प्रवास करणाऱ्यांच्या आजोबा-पणजोबांना हा प्रकार परिचयाचा होता. 1863 मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटात खंडाळ्याजवळ असेच उलटे स्थानक होते आणि 1929 मध्ये नवी वाट काढल्यावर ते बंद झाले. आमच्याकडे त्याचे अवशेष शोधत हिंडावे लागते, इथे ते रोज चालते.

चालत आहे, पण सहज नव्हे. त्याच भूकंपात या खिंडीचा एक सबंध डोंगरउतार कोसळला, त्याखाली महामार्ग आणि रूळ गेले, मोठा पूल दरीत पडला. रेल्वे 8 ऑगस्ट 2020 रोजी, चार वर्षांहून अधिक काळानंतर पुन्हा सुरू झाली. गाडी उलट दिशेला लागण्यासाठी थांबते तेव्हा समोर काँक्रीटच्या जाळीने बांधून काढलेला तो उतार दिसतो. डब्यात आमच्यासह पर्यटक पुष्कळ होते, परंतु त्या क्षणी बाहेर पाहणाऱ्यांत गणवेशातील दोन शाळकरी मुलीही होत्या, ज्यांनी हे रोज पाहिले असणार.

कुमामोतोला तीन तास थांबलो. किल्ल्याचा मुख्य बुरूज 2021 मध्ये दुरुस्त होऊन उघडला आहे, मात्र ढासळलेल्या तटांचे दगड मैदानात क्रमांक घालून ओळीने मांडलेले आहेत आणि सगळे काम 2052 पर्यंत चालणार आहे. पूर्वी इथून हितोयोशीमार्गे डोंगरातून जाणारा हिसात्सु मार्ग रेल्वेप्रेमींचा सर्वांत आवडता होता, पण जुलै 2020 मध्ये कुमा नदीच्या पुराने त्याचे रूळ आणि पूल नेले, तेव्हापासून त्याचा मोठा पट्टा बंद आहे. म्हणून कागोशिमापर्यंत शिनकानसेनने गेलो : पाऊण तास, बहुतेक बोगदे, सांगण्याजोगे काही नाही.

सहावा दिवस : इबुसुकी

'इबुसुकी नो तामातेबाको' ही गाडी 2011 मध्ये, क्यूशू शिनकानसेन पूर्ण झाली तेव्हा सुरू झाली. तिचे डबे जुनेच डिझेल डबे असून डोंगराकडची बाजू काळी आणि समुद्राकडची पांढरी रंगवलेली आहे. उराशिमा तारो नावाच्या कोळ्याने कासवाला वाचवले, समुद्राखालच्या राजवाड्यात पाहुणचार घेतला, परतताना मिळालेली 'तामातेबाको' ही पेटी मनाई असताना उघडली आणि तिच्यातल्या धुराने क्षणात म्हातारा झाला, या लोककथेवर ती बेतली आहे. म्हणून स्थानकावर दारे उघडताच वरून धुक्याचा फवारा सुटतो. लहान मुले पुन्हा पुन्हा त्याखाली जाऊन उभी राहत होती. आसने समुद्राकडे तोंड करून आहेत आणि उपसागरापलीकडे साकुराजिमा हा ज्वालामुखी धुराचा तुरा घेऊन उभा असतो. मध्येच कीरे येथे कच्च्या तेलाच्या अजस्र टाक्यांची रांग येते, तिचा उल्लेख माहितीपत्रकात नव्हता. तासाभरात इबुसुकी येते.

तिथे किनाऱ्यावरची वाळूच खालून वाहणाऱ्या गरम पाण्याने तापते. स्नानगृहात दिलेला युकाता, म्हणजे सुती झगा, घालून किनाऱ्यावर जायचे, डोक्याला पंचा गुंडाळायचा आणि खोदलेल्या खळग्यात आडवे व्हायचे. मग कामगार फावड्याने मानेपर्यंत वाळू ओढतात. ओली काळी वाळू अपेक्षेपेक्षा फार जड असते. दोन-तीन मिनिटांत बोटांच्या टोकांत नाडीचे ठोके जाणवू लागतात आणि टाचांना चटके बसू लागले की पाय किंचित हलवावे. दहा मिनिटे पुरे असतात. आधीची सगळी कुंडे एकीकडे ठेवली तरी हा अनुभव मी पुन्हा घेईन, आणि रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी तो डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. ताईने पंधराव्या मिनिटाला उठण्यास नकार दिला, तेव्हा कामगारबाईंनी हसून वाळूच बाजूला केली.

सातवा दिवस : रुळांच्या शेवटापर्यंत

इबुसुकीच्या पुढे सजवलेली गाडी जात नाही; जातो तो साधा डबा, दिवसातून मोजक्या वेळा. निशी-ओयामा हे त्या मार्गावरचे लहानसे स्थानक जपान रेल्वेसमूहातील सर्वांत दक्षिणेकडचे आहे. ओकिनावात 2003 मध्ये मोनोरेल आल्यापासून 'जपानमधील सर्वांत दक्षिणेकडचे स्थानक' हा मान त्याच्याकडे राहिला नाही, म्हणून फलकावर आता समूहाचे नाव जपून लिहिलेले आहे. मागे 924 मीटर उंच काइमोन पर्वताचा सुबक शंकू आणि पुढे पिवळी टपालपेटी असल्यामुळे छायाचित्रांसाठी लोक मोटारी घेऊन येतात. आम्ही डब्याच्या खिडकीतून मोजले नाही, पण फलाटावर वीसेक जण तरी होते, आणि गाडीत चढले कोणीच नाही. या पट्ट्याचे पुढे काय करावे, याची चर्चा कंपनी आणि स्थानिक शासन यांच्यात सुरू झाली आहे, याचे आश्चर्य वाटू नये.

शेवटचे स्थानक माकुराझाकी. सुकवून धुरावलेल्या बोनिटो माशाच्या उत्पादनासाठी हे बंदर प्रसिद्ध आहे आणि गावभर त्याचा धूरकट वास असतो. जपानी स्वयंपाकातील अर्क बहुतांशी याच माशाचा असतो हे सांगितल्यावर ताई म्हणाली, "म्हणजे माझ्या जेवणाचा सगळा घोळ इथूनच निघतो तर." परतीच्या गाडीला बराच अवकाश होता, म्हणून तिच्यासाठी केळी आणि भाजलेली रताळी घेतली.

ज्यांना हा मार्ग करायचा आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. परदेशी पर्यटकांसाठी संपूर्ण क्यूशूचा रेल्वे पास मिळतो आणि बेटाचा उत्तर ते दक्षिण प्रवास एका दमात होणार असेल तर तोच घ्यावा. उत्तरेपुरता वेगळा, स्वस्त पासही आहे. सजवलेल्या गाड्यांचे आरक्षण पास असला तरी स्वतंत्रपणे करावे लागते, त्यांतील काही केवळ शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत धावतात, आणि दुरुस्तीसाठी त्या अधूनमधून बंद असतात, म्हणून वेळापत्रक पाहूनच मुक्काम ठरवावेत. मोठ्या बॅगा पुढच्या हॉटेलवर पाठवण्याची सेवा जवळजवळ सर्वत्र मिळते. तातेनोच्या उतारावर, आणि तामातेबाकोच्या अरुंद डब्यात विशेषतः, ती घेतल्याबद्दल आम्हा दोघींना फार बरे वाटले.